प्रवासी बोटीला अपघात झाल्यावर मालकाने काय करायचं आणि कशाला हात लावायचा नाही

अपघाताचा फोन आला की मी मालकाला आधी कारण विचारत नाही. बोटीवर माणसं किती होती, हे विचारते. "शंभर-सव्वाशे असतील," असं उत्तर आलं की माझ्या पोटात गोळा येतो. शंभर होती आणि शंभर सापडली, तर शोध थांबतो. सव्वाशे होती, तर पंचवीस जण अजून पाण्यात आहेत. असा आकडा अंदाजपंचे सांगून चालत नाही.

मी बोटकंपन्यांच्या बाजूने उभी राहणारी वकील आहे. एका धक्क्यावरून दोन बोटी चालवणारे आणि पंधरा-वीस बोटींचा ताफा असलेले, असे दोन्ही प्रकारचे मालक माझ्याकडे येतात. कायदा देशागणिक बदलतो, त्यामुळे तिथला वकील लागतोच. पण पहिल्या चोवीस तासांत मालक ज्या खड्ड्यात पडतो, तो सगळीकडे सारखाच असतो. बोट बुडाल्यावर माणसं वाचवायची की कंपनी, असा प्रश्न त्याच्या डोक्यात येतो आणि तो दोन्हीकडे अर्धवट धावतो. माणसं आधी. त्यात कायद्याचाही तोटा नाही: बचावकार्याला दिलेली खरी माहिती मालकाच्या अंगाशी आल्याचं मी पाहिलेलं नाही, दडवलेली माहिती मात्र हटकून येते.

आकडा

तिकिटांचा आकडा, चढताना मोजलेला आकडा आणि कप्तानाने लॉगबुकात लिहिलेला आकडा हे तीन वेगळे असतात. तान्ह्या मुलांना तिकीट नसतं. कँटीनचा पोरगा ना प्रवाशांत ना खलाशांत. धक्क्यावरचा आपलाच माणूस "पलीकडे सोडा" म्हणत चढलेला असतो. म्हणून तिन्ही आकडे एकाखाली एक लिहा, प्रत्येकापुढे तो कुठून आला ते लिहा, आणि तिन्ही तसेच बचाव समन्वय केंद्राला, म्हणजे समुद्रातलं शोध आणि बचावाचं काम चालवणाऱ्या सरकारी कक्षाला, कळवा. त्यांची सरासरी काढून एकच ठाम आकडा बनवू नका. "खात्री नाही" म्हणण्याची लाज वाटू देऊ नका.

१६ एप्रिल २०१४ ला दक्षिण कोरियात सेवोल ही प्रवासी बोट कलंडली, तेव्हा त्या दिवशी सरकारनेच ३६८ जण वाचल्याचं जाहीर केलं होतं. बोटीवर ४७६ जण होते, वाचले १७२. काही तास घरच्यांना आपलं मूल सुखरूप आहे असं वाटत राहिलं. तुमच्या कार्यालयातून असा आकडा बाहेर पडला, तर पुढे कितीही भरपाई दिलीत तरी ती माणसं तुमच्याशी बोलायला बसणार नाहीत.

सोलास या सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार प्रवासी जहाजावरचा प्रत्येक माणूस सुटण्याआधी मोजलेला असायला हवा. लहान बोटींना तो करार लागू नसेल, पण त्यांच्याकडेही प्रमाणपत्रावर प्रवासीसंख्येची मर्यादा असते. पुढे पैशांचा हिशेब आला की तीच संख्या पुन्हा आडवी येते, ते खाली सांगते.

फोन आणि वही

फोनचा क्रम असा ठेवा: बचाव समन्वय केंद्र, मग कंपनीचा किनाऱ्यावरचा नेमलेला जबाबदार माणूस, मग विमेदार किंवा पी अँड आय क्लब (जहाजमालकांनी मिळून चालवलेली, भरपाईच्या दाव्यांचा विमा देणारी संस्था) यांचा चोवीस तासांचा नंबर, मग वकील, मग जहाजाचा ध्वज ज्या देशाचा त्याचं नौवहन खातं आणि वर्गीकरण संस्था, म्हणजे जहाजाची बांधणी आणि स्थिती तपासून प्रमाणपत्र देणारी संस्था. क्लबला उशिरा कळवणं ही महागडी चूक आहे. त्यांचा स्थानिक प्रतिनिधी आणि सर्व्हेयर (जहाज आणि नुकसान तपासणारा तज्ज्ञ) तुमच्या आधी धक्क्यावर पोचू शकतात. शिवाय बहुतेक पॉलिसींमध्ये "तात्काळ कळवणे" ही अट असते.

कार्यालयात एका माणसाला घड्याळ आणि वही घेऊन बसवा. त्याने दुसरं काहीही करायचं नाही. नोंद अशी असावी:

२२:४७ कप्तानाचा फोन. म्हणाला, "इंजिनरूममध्ये पाणी येतंय, पंप चालू केलाय."
२२:४९ समन्वय केंद्राला फोन. बोटीचं नाव, जागा, तिन्ही आकडे सांगितले.
२२:५८ कप्तानाला फोन. लागला नाही.

बस, एवढंच. "बहुधा", "मला वाटतं" हे शब्द या वहीत नकोत. आणि "नेहमीसारखंच" तर मुळीच नको. "नेहमीसारखंच पाणी आलं असेल" अशी एक ओळ पुरे, समोरचा वकील तिच्यावर अख्खा खटला उभा करेल.

किनाऱ्यावर बसलेल्यांना वाटतं की अटक झालीच तर कप्तानाला होईल. १३ जानेवारी २०१२ ला इटलीत कोस्टा कॉन्कॉर्डिया हे प्रवासी जहाज खडकावर आदळलं आणि ३२ जण गेले. आदळल्यावर जहाजावरून अधिकाऱ्यांना सांगितलं गेलं की फक्त वीज गेली आहे. कप्तानाला १६ वर्षांची शिक्षा झाली हे सगळ्यांना ठाऊक असतं. कंपनीच्या आपत्कालीन कक्षाचा प्रमुख त्या रात्री जमिनीवर होता. त्यालाही सरकारी पक्षाशी तडजोड करून २ वर्षं १० महिन्यांची शिक्षा घ्यावी लागली, हे फारसं कुणाला माहीत नसतं. रात्री फोन उचलणारा माणूसही आरोपी होऊ शकतो. त्याला हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे तो वही नीट लिहील.

पुरावा गोठवा

मोठ्या जहाजावर व्हीडीआर असतो, म्हणजे विमानातल्या ब्लॅक बॉक्ससारखं यंत्र. त्यातली नोंद राखून ठेवण्याचं बटण दाबायला कप्तानाला आठवण करा. १ जुलै २०१४ नंतर बसवलेली यंत्रं आत ३० दिवसांची नोंद ठेवतात, जुन्यांना १२ तासांचीच सक्ती होती. यंत्र जुनं असेल आणि बोट किनाऱ्याला लागल्यावरही ते चालू राहिलं, तर अपघाताची नोंद स्वतःच पुसली जाते. सगळे मदतीत गुंतलेले, यंत्र आपलं चालूच, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्यात धक्क्यावरचा गोंगाट तेवढा मिळतो.

लहान बोटीवर व्हीडीआर नसतो, पण पुरावा विखुरलेला असतो. धक्क्यावरच्या सीसीटीव्हीत चढणारी माणसं दिसतात. तो कॅमेरा बऱ्याचदा दुसऱ्याच्या मालकीचा असतो आणि ठरावीक दिवसांनी चित्रण आपोआप पुसतो, म्हणून त्याला त्याच दिवशी लेखी पत्र द्या. तिकीट यंत्राची नोंद, एआयएस (बोटीची जागा आणि वेग आपोआप प्रसारित करणारं यंत्र), जीपीएस, कप्तानाचा मोबाइल, हवामानाचा इशारा आला तो संदेश, आणि कर्मचाऱ्यांचा व्हॉट्सॲप गट, हे सगळं जपा. गटात संदेश आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असेल तर ती लगेच बंद करा आणि बंद केल्याची वेळ वहीत लिहा.

सगळ्या कर्मचाऱ्यांना एक छोटा लेखी आदेश काढा: "या बोटीशी, या फेरीशी आणि या खलाशांशी संबंधित कोणताही कागद, फोटो, संदेश किंवा फाइल पुढील सूचनेपर्यंत फाडू, पुसू, बदलू वा हलवू नये. यात तुमचे खासगी फोनही आले." खाली सही आणि वेळ. हा आदेश पुढे कंपनीला जेवढा उपयोगी पडतो, तेवढा दुसरा कागद क्वचितच.

आता ज्याच्यासाठी मी हा भाग लांबवला ते सांगते. आपत्कालीन सराव आणि तपासणीच्या रजिस्टरमध्ये रिकामे रकाने दिसले की कुणाचा तरी हात शिवशिवतो. लाइफ जॅकेटची तपासणी झालेली असते, नोंद राहिलेली असते, "आता लिहून टाकू, खोटं थोडंच आहे?" असं वाटतं. लिहू नका. रिकामा रकाना म्हणजे फार तर निष्काळजीपणा. नंतर भरलेला रकाना म्हणजे पुरावा बनवणं, आणि त्याचा गुन्हा वेगळा. एकदा एक नोंद अशी सापडली की उरलेल्या सगळ्या खऱ्या नोंदींवरचाही विश्वास उडतो. तपासणी खरंच झाली असेल तर ज्याने केली तो साक्ष देईल. त्याने आजच्या तारखेने वेगळ्या कागदावर, वकिलासमोर लिहावं.

कप्तान आणि खलाशी

पाण्यातून बाहेर आलेल्या माणसाला आधी कोरडे कपडे, डॉक्टर आणि घरी फोन. मग मद्य आणि अमली पदार्थांची चाचणी, कायद्याने लागत असेल तिथे वेळेत. अमेरिकेत गंभीर सागरी अपघातानंतर मद्याची चाचणी २ तासांत आणि अमली पदार्थांची ३२ तासांत करायची असते. चाचणी स्वच्छ आली तर कंपनीला त्याहून चांगला पुरावा नाही. ती टळली, तर संशय कायमचा चिकटतो.

सगळ्या खलाशांना एका खोलीत बसवून "काय झालं ते जुळवून घेऊ" असं कधीही करू नका. तीन माणसांच्या जबाबात एकच वाक्य शब्दशः आलं की तपास अधिकाऱ्याच्या भुवया वर जातात. खऱ्या आठवणी एकमेकींशी थोड्या भांडतात. त्यांना भांडू द्या.

कप्तानाला वेगळा वकील द्या, आणि त्याचा खर्च कंपनी किंवा क्लब करेल हे त्याला लेखी सांगा. उद्या कंपनी म्हणेल, कप्तानाने वेग कमी केला नाही. कप्तान म्हणेल, वेळापत्रक कंपनीचं होतं. एकच वकील दोघांचं भलं करू शकत नाही. मालकांना हे पटायला वेळ लागतो, त्यांना ती फितुरी वाटते. कप्तानाला तुमच्याच वकिलाने "सांभाळून" घेतलं आणि पुढे ते बाहेर आलं, तर दोघंही गाळात जाता. त्याचा पगार चालू ठेवा, त्याला वाऱ्यावर सोडू नका.

चौकशी एक नसते

सुरक्षा तपास, फौजदारी तपास आणि भरपाईचे दावे अशा तीन वाटा एकाच वेळी चालू होतात. सुरक्षा तपासाचा हेतू दोष कुणाचा हे ठरवण्याचा नसतो, असा अपघात पुन्हा होऊ नये हा असतो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची अपघात तपास संहिता १ जानेवारी २०१० पासून सक्तीची झाली. ज्या जहाजांना ती लागू आहे, त्यांच्यावर माणूस दगावला किंवा जहाजच गेलं तर तपास करावाच लागतो. त्याच संहितेनुसार खलाशाकडून माहिती घेण्याआधी त्याला सांगावं लागतं की त्याचं बोलणं पुढे त्याच्याविरुद्ध जाऊ शकतं, आणि त्याला वकिलाचा सल्ला घेऊ द्यावा लागतो. म्हणून आलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याला नम्रपणे विचारा: आपण कोणत्या खात्याचे, कोणत्या कायद्याखाली आलात? नाव, वेळ, काय मागितलं, काय दिलं, सगळं लिहा. मूळ कागद द्यावा लागला तर त्याची प्रत आणि पोच घ्या. सहकार्य करा, पण पोच घेऊन करा.

मग कंपनीची स्वतःची चौकशी. व्यवस्थापक मोठ्या उत्साहाने दुसऱ्याच दिवशी "प्राथमिक अहवाल" ईमेलवर फिरवतात. तो अहवाल पुढे कोर्टात मागितला जाऊ शकतो. १९७९ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) रेल्वेच्या एका अंतर्गत अहवालाचा प्रश्न आला होता. अपघातात गेलेल्या कर्मचाऱ्याच्या पत्नीने तो मागितला होता. अहवाल सुरक्षेसाठीही होता आणि खटल्यासाठीही. खटला हा त्याचा मुख्य हेतू नसल्यामुळे तो दाखवावा लागला. हे इंग्लंडच्या कायद्यातलं, पण धडा सगळीकडे कामाचा आहे: खटल्यासाठीचा अहवाल वकिलाने लेखी मागवावा, वकिलाच्याच नावे यावा, आणि दहा जणांना पुढे ढकलला जाऊ नये. सुरक्षेसाठीचा अहवाल वेगळा करा आणि तो कधीतरी उघड होणार असं धरूनच लिहा. वकिलाच्या आडून वस्तुस्थिती मात्र लपत नाही. फुटलेली झडप फुटलेलीच राहते.

जुनी पत्रंही बाहेर येतातच. ६ मार्च १९८७ ला बेल्जियमच्या झीब्रुगे बंदराबाहेर हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज ही मोटारी नेणारी प्रवासी बोट पुढचा दरवाजा उघडा राहून उलटली आणि १९३ जण गेले. चौकशीत निघालं की दरवाजा बंद झाल्याचा दिवा ब्रिजवर, म्हणजे कप्तान जिथून जहाज चालवतो तिथे, बसवा असं कप्तानांनी आधीच लिहून मागितलं होतं आणि कार्यालयाने ते उडवून लावलं होतं. तेव्हा तुमच्या कप्तानांनी गेल्या दोन-तीन वर्षांत काय काय लिहून मागितलं, ते अपघातानंतर तुम्हीच पहिल्यांदा वाचा, वकिलाबरोबर बसून.

बोलणं

पत्रकारांसाठी मालकांचा मसुदा माझ्याकडे साधारण असा येतो: "आमची बोट पूर्णपणे सुरक्षित होती. अचानक आलेल्या लाटेमुळे दुर्दैवी घटना घडली. काही प्रवाशांनी एका बाजूला गर्दी केल्याचे समजते. आम्ही पूर्ण सहकार्य करत आहोत." यातलं शेवटचं वाक्य मी ठेवते. "पूर्णपणे सुरक्षित" हे सिद्ध करायची जबाबदारी उगाच अंगावर घेतलीत. लाट आली हे तुम्ही पाहिलं नाहीत. आणि जे गेले त्यांच्यावर गर्दीचं खापर फोडलंत, ते त्यांच्या घरचे जन्मभर विसरणार नाहीत. मी त्याजागी लिहिते: "आज रात्री आमच्या बोटीला अपघात झाला. जे गेले आणि जे अजून सापडलेले नाहीत, त्यांच्या घरच्यांच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. बचावकार्याला लागेल ती सगळी माहिती आम्ही देत आहोत. कारणाबद्दल तपास पूर्ण होण्याआधी बोलणं योग्य होणार नाही. नातेवाइकांसाठी हा फोन क्रमांक रात्रभर चालू आहे." आणि तो फोन खरंच उचलला गेला पाहिजे.

"आम्हाला फार वाईट वाटतं" म्हटलं की गुन्हा कबूल केला, ही भीती बऱ्याच वकिलांनीच पसरवली आहे. ब्रिटनच्या २००६ च्या भरपाई कायद्यात तर सरळ लिहिलं आहे की माफी मागणं किंवा उपचार देऊ करणं म्हणजे आपोआप चूक कबूल करणं नव्हे. इतरत्र हा नियम असेलच असं नाही आणि विमेदाराला न विचारता दोष कबूल करू नये ही अटही असते. म्हणून दुःख मोकळेपणाने बोला, दोषाबद्दल थांबा.

प्रत्येक कुटुंबाला कंपनीचा एकच माणूस द्या, तोच रोज फोन करेल, काही नवं नसलं तरी. मृताचं नाव बातमीतून घरी पोचता कामा नये. प्रवास, राहणं, अंत्यविधी यांचा खर्च लगेच उचला, आणि त्या पैशांच्या बदल्यात कसल्याही कागदावर सही मागू नका. हॉस्पिटलच्या बाकावर घेतलेली "आता काही मागणं नाही" अशी सही कोर्टात टिकायची नाही. वर तिचा फोटो दुसऱ्या दिवशी सगळीकडे फिरेल.

पैसा

समुद्रमार्गे प्रवासी नेण्याबद्दलचा २००२ चा अथेन्स करार जिथे लागू आहे, तिथे बोट बुडणं, उलटणं, टक्कर किंवा आग अशा अपघातात प्रवासी दगावला किंवा जखमी झाला, तर दर प्रवाशामागे २,५०,००० एसडीआरपर्यंत (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) दोष सिद्ध न होताही द्यावे लागतात. युद्ध, टाळताच न येणारा नैसर्गिक कोप, तिसऱ्याच कुणी मुद्दाम केलेलं कृत्य, एवढेच अपवाद. त्यापुढे ४,००,००० पर्यंत, आपला दोष नव्हता हे वाहतूकदाराने दाखवलं नाही तर. दाव्याची मुदत साधारण २ वर्षांची. युरोपीय संघात तर हक्कदार कोण हे ठरल्यापासून १५ दिवसांत तातडीची रक्कम द्यावी लागते, मृत्यू झाला असेल तर किमान २१,००० युरो, आणि ती दिली म्हणजे दोष मान्य केला असं होत नाही.

याशिवाय जहाजाच्या एकूण जबाबदारीला मर्यादा घालणारा करार आहे. त्याच्या १९९६ च्या दुरुस्तीप्रमाणे प्रवाशांच्या दाव्यांसाठी मर्यादा निघते ती १,७५,००० एसडीआर गुणिले प्रमाणपत्रावरची प्रवासीसंख्या. आता तो आकडा पुन्हा आला बघा. प्रमाणपत्र १५० चं असेल तर सगळ्या प्रवाशांच्या भरपाईचा मिळून निधी २ कोटी ६२ लाख ५० हजार एसडीआर. बोटीवर १९० माणसं असली तरी तेवढाच, आणि वाटेकरी चाळीस जास्त. शिवाय नुकसान होईल हे ठाऊक असून मालक स्वतः बेफिकीर वागला असं सिद्ध झालं, तर मर्यादाच उडते. चाळीस जण जादा घेण्याची रोजची पद्धत मालकाला माहीत होती, हे दाखवायला तिकीट यंत्राचे मागच्या सहा महिन्यांचे आकडे पुरतात.

मर्यादा मागणं हा हक्क आहे, पण कधी मागायची याला तारतम्य लागतं. २ सप्टेंबर २०१९ ला कॅलिफोर्नियाजवळ कन्सेप्शन ही हौशी स्कुबा डायव्हर्सना नेणारी बोट जळून ३४ जण गेले. तिसऱ्या दिवशी मालकांनी १८५१ च्या अमेरिकी कायद्याखाली, जो मालकाची जबाबदारी अपघातानंतरच्या बोटीच्या किमतीपुरती ठेवतो, अर्ज केला की बोटीची किंमत आता शून्य, म्हणून जबाबदारीही शून्य. सगळे मृतदेह अजून हाती लागले नव्हते. त्या कायद्यात लेखी दावा आल्यापासून ६ महिन्यांची मुदत असते, घाई काहीच नव्हती. पुढे २०२२ मध्ये अमेरिकी संसदेने लहान प्रवासी बोटींना त्या कायद्याच्या छत्रातून बाहेर काढलं. मुदत डायरीत लिहा, अर्जाचा मसुदा तयार ठेवा, पण अंत्यविधी होऊ द्या.

बाकीच्या बोटी

त्याच बनावटीची दुसरी बोट उद्या सकाळी सुटणार असेल तर थांबवा आणि तपासून घ्या. दुरुस्ती केली म्हणजे चूक कबूल केली, असं समजून काही मालक हात बांधून बसतात. अमेरिकेच्या पुरावा नियमांत तर अपघातानंतर केलेली सुधारणा निष्काळजीपणाचा पुरावा म्हणून वापरता येत नाही. जिथे असं संरक्षण नाही तिथेही हिशेब सोपा आहे: पहिल्या अपघातात तुम्हाला दोष माहीत नव्हता असं म्हणता येईल, दुसऱ्यात नाही.

बुडालेल्या सांगाड्याला तपास यंत्रणेच्या लेखी परवानगीशिवाय हात लावू नका. तो इतर जहाजांच्या वाटेत असेल तर खूण लावण्याचा खर्च आणि पुढे तो काढणं बहुतेक ठिकाणी मालकाकडेच येतं. बुडालेली जहाजं काढण्याबद्दलच्या, २०१५ पासून लागू असलेल्या नैरोबी करारात ३०० टनांवरच्या जहाजांना त्यासाठी विमाही सक्तीचा आहे. काढताना तुमचा सर्व्हेयर, क्लबचा सर्व्हेयर आणि तपास अधिकारी तिघंही हजर असू देत, आणि झडपा, दरवाजे, सुकाणू कोणत्या स्थितीत आहेत याचे फोटो ते हलवण्याआधी काढा.